मागणी लोगोची, काम लेबलच्या मागच्या बाजूचे: एका छोट्या स्किनकेअर व्यवसायाच्या ब्रँड ओळखीचे प्रकरण

सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे फॉर्म्युले तयार करण्याचे काम केलेल्या एका रसायनतज्ज्ञ स्त्रीने नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. विक्री आणि हिशेब सांभाळण्यासाठी तिने एक भागीदार घेतला. उत्पादने तीनच होती: चेहरा धुण्याचे क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि व्हिटॅमिन सीचे सीरम. पहिली छोटी बॅच ओळखीपाळखीत विकली गेली, लोकांनी चांगले म्हटले, आणि तरीही रिकामी बाटली घेऊन पुन्हा येणारे फारच थोडे निघाले. दोघांनी निष्कर्ष काढला की दिसण्यात काहीतरी कमी आहे, आणि तीन आठवड्यांत नवा लोगो हवा, अशी मागणी घेऊन ते माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. अशा व्यवसायांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे, म्हणून त्यातल्या माणसांना आणि व्यवसायाला नावे दिलेली नाहीत. नियम, रसायने आणि छपाई यांविषयीचे तपशील मात्र खरे आहेत.

जुने लेबल

फिकट हिरवा रंग, एका कोपऱ्यात पान, वळणदार अक्षरांतले नाव आणि त्याखाली पाच दावे, असे जुने लेबल होते: ‘नैसर्गिक’, ‘केमिकल-फ्री’, ‘हायपोअलर्जेनिक’, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ आणि ‘सात दिवसांत उजळ त्वचा’. ही बाटली त्याच प्रकारच्या दहा-बारा उत्पादनांमध्ये ठेवून सगळ्यांची नावे कागदाच्या पट्टीने झाकली, तेव्हा खुद्द भागीदाराला आपली बाटली ओळखायला क्षणभर वेळ लागला. पान आणि हिरवा रंग निवडणारा प्रत्येक जण आपण वेगळे दिसू या आशेनेच ते निवडत असतो, हे या धंद्यातले एक गमतीदार सत्य आहे.

दिसण्याचा प्रश्न खरा होता, पण तो दुय्यम होता. एका कागदावर दोन रकाने आखले. डाव्या रकान्यात लेबलवर जे म्हटले आहे ते लिहायचे आणि उजव्या रकान्यात त्यासाठी दाखवता येईल असा कागद, म्हणजे चाचणीचा अहवाल, मोजमापाची नोंद किंवा कच्च्या मालाचे प्रमाणपत्र. डावा रकाना पाच ओळींचा झाला आणि त्यासमोरचा उजवा रकाना पूर्ण कोरा राहिला. मग उलट प्रश्न विचारला: तुमच्याकडे कोणकोणते कागद आहेत? मालकिणीने फाइल उघडली. तीत क्लेन्झरचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ५.५ असल्याची प्रत्येक बॅचची नोंद होती. मॉइश्चरायझर ४० अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवूनही त्यातले तेल आणि पाणी वेगळे न झाल्याचा अहवाल होता. मुद्दाम जंतू सोडून प्रिझर्व्हेटिव्हची ताकद तपासणारी आयएसओ ११९३० पद्धतीची चाचणी होती. आणि क्लेन्झर व मॉइश्चरायझर या दोन्ही उत्पादनांत सुगंधी द्रव्य मुळीच घातलेले नाही याची फॉर्म्युल्यातली साक्ष होती. लेबलवर जे लिहिले होते त्याला पुरावा नव्हता आणि ज्याला पुरावा होता ते लेबलवर कुठेच नव्हते. पुढचे सगळे काम या एका कागदातून निघाले.

पाचही दाव्यांची एकेक करून छाननी झाली. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द मालकिणीलाच सुरुवातीपासून सलत होता, कारण पाणी हेही रसायनच आहे आणि तिच्या मॉइश्चरायझरमध्ये सर्वांत जास्त प्रमाण पाण्याचेच होते. तो शब्द डिझायनरच्या नमुन्यात आयता आला आणि तसाच राहून गेला. ‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दाचा इतिहास बोधक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये या शब्दाच्या वापरासाठी चाचणीची अट घालणारा नियम केला, दोन प्रसाधन कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. तेव्हापासून तिथे या शब्दाला बंधनकारक व्याख्याच नाही. युरोपीय संघाने २०१३ च्या ६५५ क्रमांकाच्या नियमाने प्रसाधनांच्या दाव्यांसाठी सहा निकष घालून दिले: कायद्याचे पालन, सत्यता, पुराव्याचा आधार, प्रामाणिकपणा, इतरांशी न्याय्य वागणूक आणि ग्राहकाला समजून निर्णय घेता येणे. व्यवसाय जगात कुठेही असो, स्वतःचे लेबल तपासण्यासाठी ही सहा कलमे उपयोगी पडतात, आणि जिथे माल विकायचा तिथला कायदा त्याशिवाय वेगळा पाहावाच लागतो.

‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ याचा अर्थ विचारला, तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरांनी ट्यूब घरी नेऊन वापरली होती, एवढेच निघाले. ‘सात दिवसांत उजळ’ हे वाक्य तर त्वचेच्या गतीलाच धरून नव्हते. बाह्यत्वचेच्या तळाशी तयार झालेल्या पेशीला वर येऊन झडून जायला साधारण चार आठवडे लागतात आणि वाढत्या वयाबरोबर हा काळ लांबतो. मात्र त्याच मॉइश्चरायझरमधले ग्लिसरीन त्वचेच्या शृंगस्तरात, म्हणजे सर्वांत वरच्या थरात, पाणी धरून ठेवते, आणि तो फरक लावल्याबरोबर जाणवतो. म्हणजे पहिल्याच दिवशी खरे ठरणारे एक साधे वाक्य हाताशी असताना लेबलने सातव्या दिवशी खोटे पडणारे वाक्य निवडले होते. ग्राहक परत का आले नाहीत, या प्रश्नाचे निदान एका कारणावर आणणे योग्य नाही, पण आठव्या दिवशी आरशात पाहणाऱ्या माणसाचा भ्रमनिरास हे त्यांपैकी एक कारण नक्कीच असावे.

वासाचा वाद

ब्रँडला स्वतःचा आवाज एका तक्रारीतून मिळाला. मॉइश्चरायझरला मेणचट वास येतो, असे पहिल्या ग्राहकांपैकी काहींनी कळवले होते. तक्रार खरी होती: सुगंध न घातलेल्या क्रीमला त्यातल्या तेलांचा आणि मेणांचा वास येणारच. भागीदाराचे म्हणणे असे की वास झाकण्यापुरते किंचित सुगंधी द्रव्य घालावे आणि डब्यावर ‘वासरहित’ लिहावे. व्यवहारात हे चालते. ‘वासरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक उत्पादनांत मूळ वास दाबणारे सुगंधी द्रव्य असते, आणि ‘सुगंधरहित’ या शब्दाशी त्याची गल्लत होते. पण प्रसाधनांमुळे होणाऱ्या स्पर्शजन्य अ‍ॅलर्जीच्या प्रमुख कारणांत सुगंधी द्रव्ये मोडतात, आणि मालकिणीने ती नेमकी याच कारणासाठी वगळली होती.

या मुद्द्यावर दोन बैठका खर्ची पडल्या, आणि माझ्या मते त्या वाया गेल्या नाहीत. वास तसाच ठेवायचा आणि लेबलवर त्याचा उल्लेख करायचा, असे ठरले. अंतिम वाक्य असे: ‘या क्रीमला कच्च्या मालाचा सौम्य वास येतो. तो झाकण्यासाठी आम्ही सुगंध घातलेला नाही.’ कमतरता वाटावी अशी गोष्ट आपणहून सांगणारी ही दोन वाक्ये लिहून होताच बाकीचा मजकूर कोणत्या सुरात लिहायचा, हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ब्रँडच्या ‘आवाजा’वर लिहिलेली पानेच्या पाने मी पाहिली आहेत, त्यांत ‘आपुलकीचा, आधुनिक, विश्वासार्ह’ अशी विशेषणे असतात आणि त्यांवरून एक वाक्यही लिहिता येत नाही. असे एक नमुना वाक्य हाती असणे त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरते.

ग्राहक कोण, याचेही उत्तर इथेच मिळाले. आधीचे उत्तर ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ असे होते. नवे उत्तर असे: आम्ल, रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातली द्रव्ये) किंवा कडक फेसवॉश यांच्या अतिवापराने ज्यांची त्वचा चुरचुरते, आणि जे आता बाटली उलटी करून घटकयादी वाचू लागले आहेत, असे लोक. हा गट लहान आहे, पण त्याला काय हवे ते नेमके माहीत आहे, आणि मालकिणीच्या फाइलमधला प्रत्येक कागद त्याच्याच कामाचा आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, तर खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटणे कशामुळे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला क्लेन्झरचा ५.५ हा आकडा कोणत्याही पानाफुलाच्या चित्रापेक्षा अधिक सांगून जातो.

सीरमचे काय करायचे

ग्राहक ठरल्यावर सर्वांत अवघड निर्णय समोर आला. सीरममध्ये एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे व्हिटॅमिन सी, होते. ते त्वचेत नीट शिरण्यासाठी द्रावणाचा पीएच ३.५ पेक्षा कमी ठेवावा लागतो, म्हणजे चुरचुरणाऱ्या त्वचेला ते आणखी टोचणार. शिवाय हवा आणि उजेड यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन द्रव आधी पिवळा आणि मग तपकिरी होतो. पहिल्या बॅचच्या बाटल्या छायाचित्रात सुंदर दिसाव्यात म्हणून पारदर्शक काचेच्या घेतल्या होत्या, आणि विक्रीविना राहिलेल्या बाटल्यांतला द्रव कपाटातच काळवंडला होता. तपकिरी काच किंवा हवा आत न घेणारा पंप वापरून दुसरा प्रश्न सुटला असता. पहिला सुटला नसता.

सीरम बंद करावे, असा माझा सल्ला होता. भागीदाराने घेतलेली हरकत फेटाळण्यासारखी नव्हती: तिन्हींत सीरमवरच नफा सर्वाधिक होता, आणि दोनच उत्पादने असलेल्या व्यवसायाकडे ग्राहकाला वरचेवर येण्याचे कारण उरत नाही. त्याचे गणित बरोबर होते. फक्त ते गणित तिसऱ्याच एखाद्या ब्रँडचे होते. नाजूक त्वचेला जपण्याचे वचन देणाऱ्याने त्याच फळीवर टोचणारे उत्पादन ठेवले, तर दोन्ही उत्पादनांचे लेबल एकमेकांना खोटे पाडते. शेवटी सीरम मागे घेतले, उरलेला साठा नष्ट केला, आणि तो तोटा ब्रँड ओळखीच्या खर्चात धरला. लोगोवर झालेला खर्च त्यापुढे किरकोळ होता.

याच सुमारास भागीदाराने एक वेगळी कल्पना मांडली: उत्पादनांची नावे घटक आणि टक्केवारी अशी ठेवावी. ही पद्धत २०१६ मध्ये आलेल्या ‘द ऑर्डिनरी’ या स्किनकेअर ब्रँडने इतकी रुजवली आहे की दुसऱ्या कोणी ती वापरली की तिच्याच सावलीत उभे राहिल्यासारखे होते, शिवाय टक्केवारी पुढे केली की अधिक टक्केवारीच्या शर्यतीत उतरावे लागते, आणि चुरचुरणाऱ्या त्वचेला त्या शर्यतीतूनच तर बाहेर पडायचे असते. उत्पादनांना ‘क्लेन्झर’ आणि ‘मॉइश्चरायझर’ हीच नावे राहिली.

नाव, रंग, अक्षर

व्यवसायाचे जुने नाव ‘शुद्ध’ आणि ‘त्वचा’ या अर्थाचे दोन शब्द जोडून केलेले होते. वस्तूचे वर्णन करणारे नाव समजायला सोपे असते, पण ट्रेडमार्क म्हणून त्याचे संरक्षण मिळवणे कठीण जाते, कारण वर्णनाच्या शब्दांवर एकाच व्यापाऱ्याचा हक्क मानला जात नाही. नव्या तीन नावांचा शोध ट्रेडमार्कसाठीच्या आंतरराष्ट्रीय नाइस वर्गीकरणाच्या वर्ग ३ मध्ये घेतला, ज्यात प्रसाधने येतात, आणि औषधी उत्पादनांच्या वर्ग ५ मध्येही, कारण क्रीमची नावे या दोन वर्गांच्या सीमेवर हमखास एकमेकांना धडकतात. त्यांतले एक नाव आधीच नोंदलेल्या नावापासून एका स्वराने वेगळे होते, म्हणून ते सोडले. उरलेली दोन फोनवर उच्चारून समोरच्याला लिहायला सांगितली; एक नाव तीन जणांनी तीन प्रकारे लिहिले. राहिलेले दोन अक्षरांचे, कोणत्याही अर्थाचे नसलेले नाव पक्के झाले. ते ऐकून कोणी हरखून गेले नाही. ‘निव्हिया’ हे नाव १९११ मध्ये बर्फासाठीच्या लॅटिन शब्दावरून पडले, पण आज ते ऐकून बर्फ कोणाला आठवतो? नावातला अर्थ पुढे वापराने भरत जातो. सुरुवातीला ते मोकळे आणि आपले असले की पुरते.

निव्हिया क्रीमचा डबा सुरुवातीला पिवळट होता आणि निळा रंग १९२५ मध्ये आला, हेही रंगाच्या चर्चेत उपयोगी पडले, कारण पहिलाच रंग कायमचा ठरला पाहिजे या दडपणाखाली दोघेही होते. पांढऱ्यावर निळा नको, कारण औषधाच्या दुकानातली फळी त्या जोडीने भरलेली असते. भागीदाराला आवडलेला विटकरी लाल नको, कारण ज्याचा चेहरा लालसर होऊन दुखतो त्याच्यासमोर तोच रंग धरण्यात शहाणपण नाही. पाटीसारखा काळसर राखाडी मजकूर, मळकट पांढरी पार्श्वभूमी आणि प्रत्येक उत्पादनाला एक रुंद पट्टा, एवढेच ठरले. पहिल्या आराखड्यात मजकूर नाजूक फिकट राखाडी होता. स्क्रीनवरच्या साध्या मजकुरासाठी सुचवला जाणारा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला ४.५ ला १ हा किमान उठाव तो गाठत नव्हता, मग न्हाणीघरातल्या अंधूक उजेडात चष्मा काढून तो कोण वाचणार? डोळ्यांत पाणी आणि हातावर फेस असताना पट्ट्याच्या रंगाचाही उपयोग नसतो, म्हणून क्लेन्झर पंपाच्या बाटलीत आणि मॉइश्चरायझर ट्यूबमध्ये दिले. हाताला आकारावरूनच कळावे. ट्यूबमुळे बोटे क्रीममध्ये बुडण्याचे टळते, आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या चाचणीविषयी बोलणाऱ्या ब्रँडला उघड्या तोंडाची डबी तशीही शोभली नसती.

अक्षर निवडताना लोगोकडे न पाहता सर्वांत लहान मजकुराकडे पाहिले. ५० मिलिलिटरच्या ट्यूबवर घटकयादी, बॅच क्रमांक, मुदत, सूचना आणि पत्ता मावायचा असतो. आंतरराष्ट्रीय नामावलीप्रमाणे लिहिलेली घटकनावे लांबलचक असतात आणि युरोपीय नियमांत ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. एक टक्क्याहून कमी असलेल्यांचा क्रम मोकळा असतो, आणि म्हणूनच एखादे आकर्षक अर्क नाममात्र घालूनही यादीत थोडे वर आणता येते. इथे ती सवलत वापरली नाही. अरुंद पण आतली पोकळी मोकळी असलेल्या अक्षरांचा एक टाइप निवडला, आणि ब्रँडचे नावही त्याच टाइपमध्ये मोठे करून लिहिले. लोगो म्हणायचा तर तो एवढाच.

छपाईत दोन चुका झाल्या. पहिल्या प्रूफमधला, म्हणजे छपाईच्या चाचणी प्रतीतला, राखाडी लेप नसलेल्या कागदावर मळकट, निस्तेज उतरला. छपाईच्या रंगांना क्रमांक देणाऱ्या पँटोन पद्धतीतला एकच रंग लेपित आणि अलेपित कागदावर वेगळा दिसतो, म्हणून त्यांच्या नमुनापुस्तिकाही वेगळ्या असतात, हे माहीत असूनही आराखडा स्क्रीनवर पाहून मंजूर केला गेला, आणि ती चूक माझी होती. दुसरी चूक ट्यूबवर उघड झाली. छोट्या व्यवसायाला थेट छापलेल्या ट्यूबची किमान संख्या परवडत नाही, त्यामुळे कोऱ्या ट्यूबवर लेबल चिकटवावे लागते; पॉलिप्रॉपिलीनचे ताठ लेबल चार-पाच वेळा ट्यूब दाबताच सुरकुतले. त्याजागी पॉलिएथिलीनचे लवचीक लेबल घेतले, ते ओल्या हाताने चोळून, क्रीम फासून आणि आठवडाभर न्हाणीघरात ठेवून पाहिले, आणि मगच पूर्ण छपाईला होकार दिला.

तक्रारीचे उत्तर

नव्या लेबलबरोबर उत्तरांचाही एक कागद तयार झाला. लावल्यावर आग होते, असे कोणी कळवले तर पहिले वाक्य ‘वापर थांबवा आणि चेहरा पाण्याने धुवा’ हे असेल, त्रास टिकला तर डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले जाईल, आणि मग बॅच क्रमांक विचारून नोंद होईल. ‘त्वचा आतली घाण बाहेर टाकते आहे, थोडे दिवस सहन करा’ हे या धंद्यातले सोयीचे उत्तर कोणत्याही परिस्थितीत द्यायचे नाही, असे त्यात लिहून ठेवले. आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवण्याचीही बंदी आली, कारण दिव्याची जागा हातभर सरकली तरी त्वचा वेगळी दिसते. भागीदाराने हा कागद बिनतक्रार मान्य केला, सीरमच्या वादानंतर प्रथमच.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका घाऊक विक्रेत्याने पुढच्या बाजूला एकही दावा नाही म्हणून माल घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने ‘नैसर्गिक’ असे गोल स्टिकर चिकटवून दिल्यास घेतो असे सुचवले, आणि त्याला नकार देताना मालकिणीपेक्षा भागीदारालाच जास्त जड गेले. ग्राहकांकडून येणारे प्रश्न मात्र बदलले. ‘याने रंग उजळतो का?’ याऐवजी ‘रेटिनॉइड लावतो त्या रात्री हे आधी लावू की नंतर?’ असे प्रश्न येऊ लागले, आणि त्यांची उत्तरे मालकीण स्वतः देऊ शकत होती.

एक त्रुटी पहिल्या छपाईनंतर लक्षात आली. उघडल्यापासून किती महिन्यांत संपवावे हे सांगणारे उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यातले ‘१२ एम’ वाचून फारसे कोणाला काही कळत नव्हते. म्हणून ‘उघडल्यापासून १२ महिन्यांत वापरा’ असे शब्दांत लिहिले आणि खाली ‘उघडल्याची तारीख’ अशी कोरी जागा सोडली. तारीख लिहायला लोकांना आवडले. पण लेबलच्या गुळगुळीत पृष्ठभागावर साध्या पेनाची शाई धरेना आणि ओल्या बोटाने पुसली जाऊ लागली. दुसऱ्या छपाईत तेवढ्याच पट्टीवर वरचा लेप वगळायला सांगितले आहे, आणि प्रूफ आल्यावर मालकीण त्यावर घरातली सापडतील ती सगळी पेने चालवून पाहणार आहे.